एन्डेव्हरची लाकडी प्रतिकृती : एका कोळसावाहू जहाजाचा कागदोपत्री वारसा

समुद्रशोधनाच्या इतिहासात नावाजलेल्या शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती आज जगभरच्या सागरी संग्रहालयांत आणि हौशी कारागिरांच्या घरांत आढळतात. मात्र ज्या जहाजांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, नेमक्या त्यांच्याच प्रतिकृतींवर सर्वांत कमी विसंबता येते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कोलंबसची ‘सांता मारिया’ आणि वास्को द गामाची ‘साओ गाब्रिएल’ ही जहाजे नेमकी कशी होती, हे सांगणारा एकही आराखडा शिल्लक नाही. याउलट जेम्स कुक ज्या जहाजातून १७६८ साली प्रशांत महासागराकडे निघाला, ते ‘एन्डेव्हर’ मुळात कोळसा वाहणारे, कसलाही डामडौल नसलेले जहाज असूनही त्याच्या आकाराबद्दल आज फारसा वाद उरलेला नाही. प्रतिकृतीचा खरेपणा जहाजाच्या कीर्तीवर अवलंबून नसतो, ते जहाज कधी कोणी मोजले होते की नाही यावर तो ठरतो. आणि एन्डेव्हर मोजले गेले होते.

जहाजांच्या लहान प्रतिकृती करण्याची प्रथा या मोजमापाच्या युगापेक्षा पुष्कळ जुनी असली, तरी तिचा प्रारंभीचा हेतू वेगळा होता. युरोपातल्या किनारी गावांमध्ये वादळातून सुखरूप परतलेले खलाशी नवस फेडण्यासाठी चर्चमध्ये जहाजाची प्रतिकृती अर्पण करीत आणि ती छताला टांगून ठेवली जाई. अशा नवसाच्या जहाजांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रतिकृती स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील माटारो या गावच्या एका छोट्या प्रार्थनामंदिरातली असून, पंधराव्या शतकातील ही वस्तू आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. तिच्यात खऱ्या जहाजाप्रमाणे आतल्या फासळ्या आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या असल्यामुळे त्या काळच्या बांधणीचा ती मोलाचा पुरावा ठरते. मात्र तिच्या लांबीरुंदीचे प्रमाण जसेच्या तसे खरे मानणे धोक्याचे आहे, कारण नवस फेडणाऱ्याच्या दृष्टीने जहाज ओळखू येणे पुरेसे होते, ते प्रमाणबद्ध असण्याची निकड त्याला नव्हती.

प्रमाणबद्धतेची निकड निर्माण झाली ती सरकारी कचेरीत. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडच्या नौदलाचा कारभार पाहणाऱ्या नेव्ही बोर्ड या मंडळाच्या आश्रयाने युद्धनौकांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांचे प्रमाण बहुधा एक फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ असे, आणि त्यांचा तळाचा भाग मुद्दाम फळ्यांविना ठेवला जाई, जेणेकरून आतल्या फासळ्यांची ओळ उघडी दिसावी. ‘नेव्ही बोर्ड प्रतिकृती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वस्तू केवळ शोभेच्या नव्हत्या. आराखड्याच्या रेषा वाचता न येणाऱ्या माणसालाही त्या जहाजाची घडण समजावून देत. रोजनिशीमुळे अजरामर झालेला सॅम्युअल पेपिस नौदलाच्या कचेरीत रुजू झाला तेव्हा जहाजबांधणीबद्दल अनभिज्ञ होता आणि १६६२ साली त्याने हे ज्ञान मिळवले ते प्रतिकृती समोर ठेवूनच. १:४८ हेच प्रमाण आजही जाणत्या कारागिरांच्या विशेष पसंतीचे आहे, यात त्या जुन्या कचेरीचा वाटा मोठा आहे.

शोधजहाजांच्या बाबतीत मात्र कचेरी फार उशिरा आली. सांता मारिया २४ डिसेंबर १४९२ च्या रात्री आजच्या हैतीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले, त्याची लाकडे काढून तेथे ‘ला नाविदाद’ नावाची गढी बांधण्यात आली आणि जहाजाचा मागमूस संपला. अमेरिकेच्या प्रवासाला ४०० वर्षे झाली त्या निमित्ताने १८९२ साली स्पेनमध्ये त्याची पूर्णाकृती बांधली गेली, तेव्हा ते ‘नाओ’ म्हणजे गोलसर पोटाचे, उंच माचीचे मालवाहू जहाज मानण्यात आले. पुढे १९२९ च्या सेव्हिल प्रदर्शनासाठी खुलिओ गियेन या नौदल अधिकाऱ्याच्या संशोधनावरून जी सांता मारिया उभी राहिली, ती ‘कॅरावेल’ म्हणजे तुलनेने सडपातळ, हलक्या बांध्याची होती. आणि १९६० च्या दशकात बार्सिलोनाच्या सागरी संग्रहालयाचे संचालक मार्तीनेस-इदाल्गो यांनी पुन्हा नाओचा पक्ष उचलून धरला. सत्तर-पाऊणशे वर्षांत एकाच जहाजाला तीन रूपे मिळाली आणि तिन्ही रूपांच्या छोट्या प्रतिकृती बाजारात आल्या. विकत घेणारा ज्या सांता मारियाला घरी आणतो, ती वस्तुतः एखाद्या अभ्यासकाचे मत असते.

साओ गाब्रिएलची कथा गोव्याच्या किनाऱ्याला स्पर्श करते. बार्तोलोमेउ दियाश याच्या देखरेखीखाली बांधलेले हे जहाज मे १४९८ मध्ये कोळिकोड परिसरात पोहोचले, आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी अंजदीव बेटावर, जे आज गोवा राज्याचा भाग आहे, द गामाच्या जहाजांची डागडुजी झाली. त्या काळी जहाज किनाऱ्यावर ओढून एका कुशीवर कलते करीत आणि तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले खरवडून काढीत. म्हणजे साओ गाब्रिएलचा तळ कोकणच्या दक्षिण टोकाजवळ उघडा पडला होता, पण तो मोजून ठेवण्याची कल्पना कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. पोर्तुगीज आरमारांची जी सचित्र हस्तलिखिते उपलब्ध आहेत ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे दोन पिढ्यांनंतरची आहेत, आणि चित्रकाराने द गामाच्या जहाजांना आपल्या काळातल्या जहाजांची रूपे दिली असणे अगदी स्वाभाविक आहे.

या पार्श्वभूमीवर एन्डेव्हरचे वेगळेपण स्पष्ट होते. ईशान्य इंग्लंडमधील व्हिटबी या बंदरात थॉमस फिशबर्न याच्या गोदीत हे जहाज १७६४ साली पाण्यात उतरले, तेव्हा त्याचे नाव ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ होते आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोळसा वाहणे एवढेच त्याचे काम होते. उत्तरेकडील ज्या बंदरांत धक्का नसे तेथे अशी जहाजे ओहोटीच्या वेळी सरळ वाळूवर बसवीत; त्यामुळे त्यांचा तळ सपाट, पोट रुंद, नाळ म्हणजे पुढचा भाग बोथट आणि लाकूडकाम दणकट असे. कोकणातल्या खाड्यांमध्ये ओहोटीला चिखलावर टेकणारे मचवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बांधणीमागचे व्यवहारज्ञान वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कुक याने तरुणपणी व्हिटबीच्याच जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवारी केली होती आणि अशा कोळसावाहू जहाजांवरच तो दर्यावर्दी म्हणून तयार झाला होता.

शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसण्याची दुर्मीळ घटना, जून १७६९ मध्ये ताहिती बेटावरून पाहण्यासाठी मोहीम ठरली तेव्हा नौदलाने हे वापरलेले जहाज मार्च १७६८ मध्ये विकत घेतले. टेम्स नदीवरील डेप्टफर्ड येथील सरकारी गोदीत त्याची फेररचना झाली. मालाच्या पोकळ खणात आणखी एक मजला घालून राहण्याच्या खोल्या काढण्यात आल्या, आणि उष्ण समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या कृमीपासून बचाव म्हणून तळावर फळ्यांचे दुसरे अस्तर चढवून त्यावर मोठ्या डोक्यांचे खिळे दाटीने मारण्यात आले. खासगी मालकाचे जहाज सरकारी ताफ्यात घेताना त्याचे मोजमाप करून आराखडे काढण्याची नौदलाची पद्धत होती. त्यानुसार एन्डेव्हरचीही रेखाटने १७६८ च्या जुलैपर्यंत तयार झाली आणि ती आज ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. त्या कारकुनी शिस्तीला मोहिमेच्या ऐतिहासिक महत्त्वाची जाणीव असण्याचे कारण नव्हते. कोळशाच्या जहाजाचे भाग्य उजळले ते असे, हिशेबाच्या एका नेहमीच्या कामात.

या रेखाटनांत जहाज तीन दिशांनी दाखवलेले असते. एकात ते कुशीवरून दिसते, दुसऱ्यात वरून त्याचा अर्धा भाग दिसतो, कारण डावी-उजवी बाजू सारखीच असते, आणि तिसऱ्यात त्याचे ठरावीक अंतरावर पाडलेले आडवे काप एकात एक बसवलेले असतात. प्रतिकृती करणारा कारागीर या तिसऱ्या चित्रावरून प्रत्येक फासळीचा आकार उचलतो, त्या फासळ्या कण्यावर, म्हणजे जहाजाच्या तळातून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या मुख्य तुळईवर, एकेक करून उभ्या करतो आणि मग फळ्या जडवतो. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा व टोकांकडे निमुळता असल्याने सरळसोट फळी कोठेच नीट बसत नाही. प्रत्येक फळीला दोन्ही टोकांकडे तासून अरुंद करावे लागते आणि नाळेच्या बोथट वळणावर ती गरम पाण्यात किंवा वाफेवर मऊ करून वाकवावी लागते. एन्डेव्हरचे वळण विशेष आखूड असल्यामुळे नवख्या हातांच्या फळ्या तडकतात त्या बहुधा तेथेच.

जहाजाची लांबी सुमारे १०६ फूट आणि रुंदी सव्वाएकोणतीस फुटांच्या आसपास होती; १:४८ प्रमाणात हीच मापे अनुक्रमे साडेसव्वीस आणि सव्वासात इंचांच्या आसपास येतात. चार इंच जाडीची फळी या प्रमाणात जेमतेम दोन मिलिमीटरची होते, आणि साडेपाच फूट उंचीचा खलाशी दीड इंचाहूनही लहान. याच हिशेबातून लाकडाची निवड ठरते. खरे जहाज ओकचे असले तरी प्रतिकृतीला ओक चालत नाही, कारण लाकडाच्या शिरा काही जहाजाबरोबर लहान होत नाहीत. दोन मिलिमीटरच्या फळीवर ओकच्या ठळक रेषा ओबडधोबड दिसतात. म्हणून बॉक्सवूड किंवा नासपतीसारखी अतिशय घट्ट, बारीक पोताची लाकडे पसंत केली जातात. साग हा आपल्याकडच्या जहाजांचा राजा खरा, पण तोही याच कारणाने छोट्या प्रमाणात बसत नाही.

लाकूडकाम संपले तरी निम्मे काम उरलेलेच असते. डोलकाठ्यांना जागच्या जागी ताणून धरणारे दोर आणि शिडे उभारण्या-उतरवण्यासाठी हलणारे दोर असे दोन वर्ग असून, पहिल्या वर्गातले दोर डांबरात बुडवलेले असल्याने गडद, तर दुसऱ्यातले फिकट असत. दोन्ही एकाच रंगात ओढलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी तिच्या कर्त्याने जहाज वाचलेले नाही, असेच जाणकार म्हणणार. डोलकाठीचे दोर ताणण्यासाठी तीन भोकांच्या गोल लाकडी चकत्या जोडीजोडीने वापरीत. प्रतिकृतीत या चकत्या वाटाण्याहून लहान होतात, आणि त्यांच्या भोकांतून ओवायचा दोर कारागीर अनेकदा तागाचे धागे छोट्या यंत्रावर पिळून स्वतःच वळतो, मग त्यावर मेण चोळून त्याची लव बसवतो. आणखी एक खूण तळाची. नौदलाने तांब्याच्या पत्र्याचे प्रयोग १७६१ पासूनच चालवले होते आणि ‘डॉल्फिन’ हे जहाज तसा पत्रा लावून पृथ्वीप्रदक्षिणाही करून आले होते, पण एन्डेव्हरच्या वाट्याला लाकडी अस्तरच आले. तेव्हा तांब्याने चमचमणाऱ्या तळाची एन्डेव्हर कोठे दिसली, तर ती शोभेची वस्तू समजावी.

लाकडी अस्तराच्या या निवडीची परीक्षा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर झाली. ११ जून १७७० च्या रात्री एन्डेव्हर ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेवर आदळले आणि जवळजवळ २३ तास अडकून राहिले. भार कमी करण्यासाठी सहा तोफा, तळातले लोखंड व दगड आणि इतर सामान मिळून चाळीस-पन्नास टन वजन समुद्रात टाकण्यात आले. तागाचा चोथा आणि लोकर लावलेले शीड बाहेरून तळाखाली ओढून भोक बुजवण्यात आले, आणि जहाज किनाऱ्यावर आणल्यावर असे दिसले की प्रवाळाचा एक तुटलेला तुकडाच भोकात अडकून राहिला होता. सपाट तळामुळे ते नदीच्या मुखाशी वाळूवर बसवून दुरुस्त करता आले, हे व्हिटबीच्या सुतारांचे श्रेय मानायला हवे. फेकलेल्या त्या सहा तोफा १९६९ साली अमेरिकी संशोधकांच्या एका मोहिमेने समुद्रतळातून बाहेर काढल्या, आणि प्रतिकृती करणाऱ्यांना तोफांच्या आकाराबद्दल तर्क लढवण्याचे कारण उरले नाही.

मराठी वाचकाने या साऱ्या चर्चेत आपल्या किनाऱ्याकडे वळून पाहणे अपरिहार्य आहे, आणि तेथील चित्र सांता मारियाच्या जवळ जाणारे आहे. मराठ्यांच्या आरमारातील ‘गुराब’ हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ पाण्यात चालणारे आणि पुढे निमुळती लांब नाळ असलेले लढाऊ जहाज, तर ‘गलबत’ हे त्याहून लहान, वल्ह्यांनीही चालणारे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म तीन डोलकाठ्यांच्या गुराबाचे वजन सुमारे ३०० टन आणि दोन डोलकाठ्यांच्या गुराबाचे सुमारे १५० टन देतो. पण टनाच्या आकड्यावरून फासळीचा आकार निघत नाही. सुतारांचे ज्ञान हातात आणि नजरेत होते, कागदावर ते उतरले नाही, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा आंग्र्यांचा तेथला ताफाही जळून गेला. आज प्रदर्शनांत दिसणारी गुराबाची प्रतिकृती ही वर्णने आणि परकीयांची चित्रे जुळवून केलेली असते. तिची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही, पण तिला पुरावा म्हणता येणार नाही.

याच किनाऱ्यावरच्या व्यापारी जहाजांचे नशीब थोडे बरे निघाले, तेही एका फ्रेंच माणसामुळे. फ्रांस्वा-एदमों पारी या नौदल अधिकाऱ्याने आपल्या सागरप्रवासांत युरोपाबाहेरच्या देशांतील नौका मोजून रेखाटल्या आणि १८४० च्या दशकात त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मुंबई किनाऱ्यावरच्या फत्तेमारीची, म्हणजे तिरक्या शिडांच्या जलद मालवाहू गलबताची रेखाटने आहेत. १८७१ नंतर हाच पारी पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि त्याने आपल्या रेखाटनांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. फत्तेमारीची बारकाईने केलेली मोजणी अशी परदेशी वहीत जमा झाली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल बांधणीकारांनी इंग्रजी नौदलासाठी बांधलेल्या सागवानी जहाजांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांचे आराखडे लंडनहून येत. ‘त्रिंकोमाली’ या जहाजाचे आराखडे घेऊन निघालेली युद्धनौका १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांच्या हाती पडल्याने नव्या प्रती पाठवाव्या लागल्या आणि जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

एन्डेव्हरच्या आराखड्यांची सर्वांत कठोर परीक्षा मात्र छोट्या प्रतिकृतीत झाली नाही. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे त्याची पूर्णाकृती बांधणी १९८८ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९९३ मध्ये ते जहाज पाण्यात उतरले; १:४८ प्रमाणात दोन फळ्यांमधली फट मेणाने भरून टाकता येते, १:१ प्रमाणात तेथून समुद्र आत येतो, त्यामुळे कागदावरची प्रत्येक रेषा तेथे खरी करून दाखवावी लागली. या पूर्णाकृतीच्या बांधणीसाठी गोळा झालेल्या तपशिलाचा फायदा पुढे छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांना झाला, ही या कलेच्या इतिहासातली एक गमतीची उलटापालट आहे.

मूळ जहाजाचा शेवट कुकच्या कीर्तीला साजेसा नव्हता. परतल्यानंतर या जहाजाने काही वर्षे फॉकलंड बेटांकडे रसद नेली, १७७५ साली नौदलाने ते विकून टाकले, नव्या मालकाने त्याला ‘लॉर्ड सँडविच’ हे नाव दिले आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ते आधी सैन्य वाहण्यासाठी व नंतर कैदी ठेवण्यासाठी वापरले गेले. १७७८ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच आरमाराची वाट अडवण्यासाठी इंग्रजांनी न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी जी जहाजे मुद्दाम बुडवली, त्यांत तेही होते. पुराभिलेखांच्या आधारे ही कडी विसाव्या शतकाच्या अखेरीस जुळली. त्यानंतर अनेक वर्षे पाणबुड्यांनी बंदरातल्या अवशेषांची मोजणी केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने त्यांपैकी एक अवशेष एन्डेव्हरचाच असल्याचे जाहीर केले. शोधकार्यातील अमेरिकी भागीदार संस्थेने त्या वेळी ही घोषणा घाईची ठरवली होती. संग्रहालयाच्या निष्कर्षाचा मोठा आधार होता तो समुद्रतळावरील लाकडांची मापे आणि १७६८ च्या आराखड्यांतील मापे यांच्या मेळाचा. गाळात मूळ जहाजाचा सुमारे १५ टक्केच भाग उरला आहे. ग्रीनिचमधल्या कागदावर ते पूर्ण आहे.